आपल्यातला की बाहेरचा? टेबलावर नेटवर्क शिकताना

नेटवर्किंगचे धडे गिरवायला सामान फार लागत नाही. आठ पोर्टचा साधा स्विच, दोन जुने वाय-फाय राउटर, तीन लॅपटॉप, एक नेटवर्क प्रिंटर, लॅन टेस्टर, क्रिम्पिंग टूल आणि मूठभर कनेक्टर. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात हे सगळं एका टेबलावर मांडलेलं असतं. लहान कारखाने, सीएंची ऑफिसं, दवाखाने, सोसायट्यांचे कॅमेरे अशी आमची कामं. नवीन येणारा प्रत्येक जण आधी या टेबलावर शिकतो, मग साइटवर जातो. आम्हीही तसेच शिकलो. राउटर मुद्दाम जुने, म्हणजे रीसेट करकरून खिळखिळे झाले तरी कोणाचं काम अडत नाही. आणि सुरुवातीला या टेबलाला इंटरनेट जोडायचंच नाही. जोडलं की शिकणारा ‘गूगल उघडलं, म्हणजे सगळं ठीक’ इथेच थांबतो.

सुरुवात केबलने. टी-५६८-बी या ठरलेल्या रचनेतला तारांच्या रंगांचा क्रम पाठ करावाच लागतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खिट्टी खाली आणि वायर आपल्याकडे धरली की डावीकडची पिन पहिली. पीळ उकलायचा तो फार तर अर्धा इंच. वरचं जॅकेट कनेक्टरच्या आत जाऊन दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण बारीक तारांवर येतो आणि टेबल सरकवलं की नेट जातं.

नवशिक्याचा हमखास घोळ म्हणजे रंगांच्या जोड्या ओळीने लावणं: नारिंगी जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्यामुळे टेस्टरचे आठही दिवे एकामागून एक लागतात आणि वायर पास होते. पण नेटवर्क कार्ड तिसऱ्या आणि सहाव्या पिनेला मिळून एक जोडी धरतं. इथे तिसऱ्या पिनेवर हिरव्या जोडीतली तार आली आणि सहाव्यावर निळ्या जोडीतली. त्या दोघींचा एकमेकींशी पीळच नाही, त्यामुळे शेजारच्या जोडीतला सिग्नल त्यात झिरपतो. दोन मीटरच्या पॅच कॉर्डवर हे जाणवतही नाही. तीस-चाळीस मीटरवर लिंक लागते आणि सुटते. साधा टेस्टर तार सलग आहे का एवढंच बघतो, जोडी कोणाशी जुळलीय हे त्याला कळत नाही.

निळी किंवा तपकिरी तार तुटली तर आणखी फसगत होते, कारण नेट चालूच राहतं. १०० एमबीपीएसला पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी एवढ्याच पिना पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. बहुतेक कार्डं अशा वेळी लिंक गुपचूप शंभरवर उतरवतात. मोठी फाइल कॉपी करताना सेकंदाला ११० एमबीच्या आसपास दिसायला हवेत तिथे ११ दिसले, तर अँटीव्हायरसला शिव्या घालण्याआधी ॲडॅप्टरच्या स्टेटसमध्ये स्पीड बघायचा.

आणि केबलचा खोका घेताना एका तारेवर ब्लेड फिरवायचं. आत चंदेरी निघाली तर ते ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. कॉम्प्युटरला ती चालून जाते, पीओईच्या, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेणाऱ्या, कॅमेऱ्याला नडते. दिवसभर बरा चालणारा कॅमेरा अंधार पडला की रीस्टार्ट होत राहतो. रात्री त्याचे आयआर एलईडी (अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे) लागतात, करंट वाढतो, आणि ॲल्युमिनियमचा रोध जास्त असल्यामुळे लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचत नाही. दोन इमारतींमध्ये तर तांब्याची केबल टाकूच नये, फायबर टाकावी; पावसाळ्यात एका कडकडाटात दोन्हीकडचे स्विच जातात.

केबल इथवर. खरा मुक्काम पत्त्यावर.

दोन लॅपटॉप स्विचला जोडायचे आणि हाताने आयपी, म्हणजे नेटवर्कातले पत्ते, द्यायचे: १९२.१६८.१०.२० आणि १९२.१६८.१०.१५०. दोन्हींचा मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, रिकामा. पिंग, म्हणजे एका मशीनने दुसऱ्याला ‘आहेस का?’ म्हणून मारलेली हाक, लगेच लागतो. आता काहीही न हलवता दुसऱ्या लॅपटॉपचा मास्क तेवढा २५५.२५५.२५५.१२८ करायचा. केबल तीच, स्विच तोच, दिवे लुकलुकतायत, आणि पिंग बंद. दुसऱ्यावरून पिंग केला तर विंडोज ‘जनरल फेल्युअर’ म्हणून मोकळं होतं, वायरवर काही जातच नाही. हा प्रयोग प्रत्येकाकडून आम्ही पहिल्या दिवशीच करून घेतो, कारण आयपीचं सगळं मर्म त्यात आहे.

कोणतंही मशीन पॅकेट पाठवण्याआधी स्वतःशी एकच प्रश्न सोडवतं: समोरचा पत्ता आपल्यातला की बाहेरचा? आपल्यातला असेल तर ते थेट त्या मशीनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) शोधतं आणि पॅकेट सोडतं. बाहेरचा असेल तर गेटवेच्या हवाली करतं. गेटवे नसेल तर हात वर करतं. हा निवाडा पाठवणाऱ्याच्या मशीनमध्येच होतो आणि तो मास्क बघून होतो. मास्क पॅकेटमधून प्रवास करत नाही. त्यामुळे तुमचा मास्क चुकलाय हे राउटरला, स्विचला किंवा शेजारच्या मशीनला कळायला मार्ग नाही, आणि म्हणूनच ही चूक सापडायला सगळ्यात जास्त वेळ खाते.

निवाड्याचा हिशोब कागदावर एकदा तरी हाताने करावा. आयपीव्ही-४चा पत्ता ३२ बिटांचा, आठ-आठ बिटांचे चार भाग, म्हणून प्रत्येक भाग ० ते २५५. मास्कमध्ये डावीकडून सलग जितके एक, तितका भाग नेटवर्कचा, उरलेला मशीनचा. समजा पत्ता १९२.१६८.१०.७७ आणि मास्क २५५.२५५.२५५.१९२, म्हणजेच /२६. शेवटचा भाग बायनरीत लिहू: ७७ म्हणजे ०१००११०१, १९२ म्हणजे ११००००००. जिथे दोन्हीकडे एक आहे तिथे एक, बाकी शून्य: ०१००००००, म्हणजे ६४. तर ७७चं नेटवर्क १९२.१६८.१०.६४. समोरच्या पत्त्याचाही असाच हिशोब करायचा. उत्तर ६४च आलं तर तो आपल्यातला.

रोजच्या कामाला बायनरी लागत नाही. २५६ मधून मास्कचा शेवटचा आकडा वजा करायचा: २५६ वजा १९२ बरोबर ६४. नेटवर्कं ६४च्या पटीत सुरू होतात: ०, ६४, १२८, १९२. ७७ हा ६४ ते १२७ या पट्ट्यात. पहिला, ६४, हे नेटवर्कचं नाव. शेवटचा, १२७, ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा. मशीनना द्यायला ६५ ते १२६, म्हणजे ६२ पत्ते. /२७ला ३०, /२८ला १४, /२९ला ६, /३०ला २. या आकड्यांचं पाठांतर मुद्दाम करावं लागत नाही, आठवडाभर कागद काळे केले की ते आपोआप बसतं.

पहिल्या आकड्यावरून मास्क ठरवायची जुनी पद्धत, म्हणजे क्लास ए, बी, सी, त्याची घोकंपट्टी मात्र आम्ही करून घेत नाही. १९९३ साली सीआयडीआर ही नवी पद्धत आल्यापासून मास्क पत्त्यासोबत वेगळा सांगावा लागतो, पहिल्या आकड्यावरून तो ठरत नाही. तरीही कितीतरी कोचिंग क्लासमध्ये अजून पहिल्या आठवड्यात तोच तक्ता फळ्यावर असतो आणि मुलं १०.० दिसलं की डोळे झाकून २५५.०.०.० लिहितात. इंटरव्ह्यूत विचारतील म्हणून वाचून ठेवावं, कामावर विसरावं.

मास्कची समज पक्की झाली का, हे तपासायला आम्ही दोन प्रश्न विचारतो. १९२.१६८.१०.२५५ हा पत्ता मशीनला देता येईल का? /२४ असेल तर नाही, तो ब्रॉडकास्ट. /२३ असेल तर खुशाल द्या. तिथे पट्टा १०.० पासून ११.२५५ पर्यंत आहे आणि १०.२५५ हा मधलाच एक पत्ता. दुसरा प्रश्न: १७२.३२.५.१ हा खासगी पत्ता आहे का? नाही. घराऑफिसात वापरायचे खासगी पट्टे १९९६च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने ठरवलेत: १०ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंत, आणि १९२.१६८चे सगळे. १७२.३२ हा त्यापलीकडचा, इंटरनेटवर कोणाच्या तरी मालकीचा.

आता टेबलावर राउटर येतो, पत्ता १९२.१६८.१०.१. दुसऱ्या लॅपटॉपला पुन्हा १५० आणि मास्क २५५.२५५.२५५.१२८ देऊन गेटवे १ टाकायचा. विंडोज कंट्रोल पॅनेलमध्ये इशारा देतं की गेटवे याच नेटवर्कमध्ये नाही, तरी सेव्ह करायचं का? लोक न वाचता ‘यस’ दाबतात. १५०चा पट्टा १२८ ते २५५, गेटवे त्याबाहेर. म्हणजे बाहेर जायचं दार स्वतःच बाहेर. असं मशीन १६०ला पिंग करतं, २००च्या प्रिंटरवर छापतं, पण नेट अडू शकतं. ऑफिसात ही तक्रार ‘सगळं चालू आहे, फक्त नेट नाही’ अशी येते आणि निम्मे लोक ब्राउझर बदलून बघतात.

पिंगची उत्तरं नीट वाचली तर निम्मं निदान तिथेच होतं. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं आलं आणि ‘रिप्लाय फ्रॉम’च्या पुढे आपलाच पत्ता असेल, तर आपल्याच नेटवर्कात समोरच्याचा मॅक सापडला नाही: मशीन बंद, केबल सुटलेली किंवा पत्ता चुकीचा. इथे एक गंमत आहे. विंडोज हे उत्तर ‘मिळालं’ असं मोजतं, त्यामुळे खाली लॉस शून्य टक्के दिसतो. तेवढीच ओळ बघणारा ‘पिंग होतोय की’ म्हणून फोन ठेवतो. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’चा अर्थ वेगळा: पॅकेट निघालं, उत्तर आलं नाही. त्यात समोरचं फायरवॉलही असू शकतं. विंडोजमध्ये, विशेषतः नेटवर्क ‘पब्लिक’ ठेवलेलं असताना, बाहेरून आलेल्या पिंगला उत्तर मिळत नाही.

मशीन जिवंत आहे की नाही याचा निकाल ‘एआरपी डॅश ए’ लावतं. पिंग करायचा, टाइम आउट होऊ द्यायचा आणि लगेच ही कमांड द्यायची. यादीत त्या आयपीसमोर मॅक ॲड्रेस दिसला तर मशीन चालू आहे, केबल ठीक आहे, फक्त पिंगला दार बंद आहे. मॅक मागणारा एआरपी फायरवॉलच्या तावडीत सहसा सापडत नाही, कारण त्याशिवाय कुठलंच बोलणं सुरू होत नाही. ही एक कमांड येत नसल्यामुळे साइटवर कितीतरी कॅमेरे आणि प्रिंटर विनाकारण खाली उतरवले जातात.

हीच कमांड एकाच आयपीचे दोन मालकही पकडून देते. टेबलावर प्रिंटरला हाताने १०५ द्यायचा, आणि राउटरचा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायची सोय) पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, १०० ते १९९ ठेवायचा. बऱ्याचदा सुरुवातीला काही होत नाही. प्रिंटर बंद असताना एखादा लॅपटॉप येतो, राउटर त्याला १०५ देऊन टाकतो, आणि प्रिंटर सुरू झाल्यावर कधी तो उत्तर देतो, कधी लॅपटॉप. ‘साहेब, प्रिंटर सकाळी ऑफलाइन असतो, दुपारी आपोआप सुरू होतो’ ही तक्रार ऐकली की आधी एआरपीची यादी: १०५ समोरचा मॅक दोन वेळा बघितल्यावर बदलला की खेळ खल्लास. उपाय दोन आहेत. हाताने दिलेले पत्ते पूलच्या बाहेर ठेवायचे; आमची सवय अशी की १ गेटवे, २ ते ९ स्विच आणि ॲक्सेस पॉइंट, १० ते ४९ प्रिंटर आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), १०० ते १९९ पूल. किंवा प्रिंटर डीएचसीपीवरच ठेवून राउटरमध्ये त्याच्या मॅकला पत्ता राखून ठेवायचा. आम्हाला दुसरा बरा वाटतो, कारण पुढे नेटवर्कचा पट्टा बदलला तर प्रिंटरच्या दोन ओळींच्या स्क्रीनवर बाण दाबत बसावं लागत नाही.

डीएचसीपीवर सगळ्यात जास्त वेळ घालवावा, कारण लहान ऑफिसातली निम्मी दुखणी तिथली. देवाणघेवाण चार पावलांची: डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲकनॉलेज. लॅपटॉपला अजून पत्ताच नाही, म्हणून तो ०.०.०.० वरून २५५.२५५.२५५.२५५ ला हाक मारतो; सर्व्हर यूडीपीच्या ६७ नंबरच्या दारावर ऐकतो, लॅपटॉप ६८ वर. वायरशार्क या पॅकेटं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टरला डीएचसीपी लिहून, ‘आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज’ आणि मग ‘रिन्यू’ दिलं की ही चार पॅकेटं डोळ्यांसमोर येतात. ऑफरमध्ये पत्त्यासोबत मास्क, गेटवे, डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) आणि मुदत किती, हेही असतं. निम्मी मुदत उलटली की लॅपटॉप स्वतःहून नूतनीकरण मागतो, म्हणून दिवसभर चालू असलेल्या मशीनचा पत्ता सहसा बदलत नाही.

कोणीच उत्तर दिलं नाही तर विंडोज स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेतं. हा आकडा दिसला की समजायचं, डीएचसीपीपर्यंत हाक पोचली नाही किंवा उत्तर परत आलं नाही. लाइट जाऊन आली की हे हमखास होतं: डेस्कटॉप लवकर उठतो, राउटर मागून. थोडा वेळ थांबून केबल काढून लावली की पत्ता मिळतो. तरीही १६९च राहिला तर मग केबल, पोर्ट, स्विच या क्रमाने बघायचं.

आता टेबलावरचा दुसरा राउटर. कोपऱ्यातल्या केबिनमध्ये वाय-फाय पोचत नाही म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणतं आणि हाताला येईल त्या पोर्टमध्ये केबल खुपसतं. पिवळ्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे आतल्या मशीनसाठीच्या, गेली तर एकाच नेटवर्कात दोन डीएचसीपी झाले. लॅपटॉप सहसा आधी पोचलेली ऑफर घेतो, म्हणून निम्म्या ऑफिसला १९२.१६८.१०चे पत्ते मिळतात आणि निम्म्याला १९२.१६८.०चे, ज्यांचा गेटवे म्हणजे तो जुना राउटर. आणि त्याच्या मागे इंटरनेटच नाही. ‘काहींचं चालतं, काहींचं नाही, रीस्टार्ट केलं की कधी चालतं’ असं कानावर आलं तर सगळ्यात आधी ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’मध्ये डीएचसीपी सर्व्हरची ओळ वाचायची. ती ओळ गुन्हेगाराचा पत्ता देते, एआरपी त्याचा मॅक देते, आणि मॅकच्या पहिल्या निम्म्या भागावरून कंपनी कळते. मग टेबलाखाली वाकून त्या कंपनीचा डबा शोधायचा.

केबल निळ्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे इंटरनेटची लाइन लावायच्या, गेली तर गोंधळ शांतपणे होतो. त्या राउटरच्या मागे वेगळंच नेटवर्क तयार होतं; नेट चालतं, पण केबिनमधल्या लॅपटॉपला ऑफिसचा प्रिंटर आपोआप सापडत नाही आणि ऑफिसातून कोणालाही केबिनमधलं मशीन दिसत नाही. जुना राउटर निव्वळ ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरायची रीत अशी: आधी तो एकट्या लॅपटॉपला जोडायचा, त्याचा लॅन पत्ता मुख्य राउटरच्या पट्ट्यातला मोकळा करायचा, समजा १९२.१६८.१०.२, मग डीएचसीपी बंद करायचा, आणि केबल लॅन पोर्टमध्ये. क्रम उलटा केला, म्हणजे डीएचसीपी आधी बंद केला, तर लॅपटॉपला पुढच्या वेळी पत्ता मिळत नाही आणि राउटरच्या पानावर परत शिरायला हाताने आयपी द्यावा लागतो.

स्विचबद्दल थोडक्यात. तो आयपी बघत नाही. कुठला मॅक कुठल्या पोर्टवर आहे हे लक्षात ठेवतो आणि माहीत नसेल तर सगळीकडे पाठवतो. टेबलावर एकच पॅच कॉर्ड घेऊन दोन्ही टोकं त्याच साध्या स्विचमध्ये लावून बघावी. एखादा ब्रॉडकास्ट आत शिरला की तो गोल फिरत राहतो आणि काही क्षणांत सगळे दिवे एका तालात, न थांबता लुकलुकायला लागतात. आयपी पॅकेटला टीटीएल असतो, प्रत्येक राउटरवर एकाने कमी होऊन तो शेवटी मरतो. इथरनेटच्या फ्रेमला तसं आयुष्य मोजलेलं नाही, ती फिरतच राहते. सफाईच्या वेळी लोंबणारी वायर ‘कुठेतरी लागली असेल’ म्हणून रिकाम्या पोर्टमध्ये टाकली जाते आणि अख्खा मजला बंद पडतो. ते दिवे एकदा बघितलेला माणूस रॅकसमोर उभा राहिल्या राहिल्या ओळखतो.

एक भ्रम इथेच मोडायला हवा. एकाच साध्या स्विचवर अकाउंट्सला १९२.१६८.१०चं आणि बाकीच्यांना १९२.१६८.२०चं सबनेट (पट्टा) दिलं म्हणून अकाउंट्स सुरक्षित होत नाही. कोणीही आपला आयपी बदलून पलीकडे जाऊ शकतो. वायरवर दोघं एकत्रच आहेत. वेगळं करायचं तर मॅनेज्ड स्विच, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं पाडायची सोय) आणि मध्ये नियम लावणारा राउटर किंवा फायरवॉल लागतो.

पट्टा निवडताना आम्ही ऑफिसला १९२.१६८.०, १९२.१६८.१ आणि जिओच्या राउटरमुळे घरोघरी असणारा १९२.१६८.२९ हे तीन टाळतो. कारण व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायची खासगी वाट. घोडबंदरच्या फ्लॅटमधून कोणी ऑफिसच्या सर्व्हरला, १९२.१६८.१.१०ला, जायला बघतो. घरचं वाय-फायही १९२.१६८.१चंच. लॅपटॉप तोच प्रश्न स्वतःला विचारतो, उत्तर येतं ‘आपल्यातला’, आणि पॅकेट व्हीपीएनमध्ये न जाता घरातच सर्व्हर शोधत फिरतं. ऑफिसला १०.२७.४.० /२४ असा आडवळणी पट्टा दिला की हा प्रश्न उद्भवत नाही. नंतर बदलायचं म्हटलं तर प्रिंटर, कॅमेरे, टॅलीचा सर्व्हर, बायोमेट्रिक मशीन सगळं हलवावं लागतं, म्हणून हे पहिल्याच दिवशी.

इतकं झाल्यावर टेबलाला इंटरनेट जोडतो. पहिलं काम ८.८.८.८ला पिंग, दुसरं एखाद्या वेबसाइटच्या नावाला. आकडा लागतो आणि नाव लागत नाही, तर दोष डीएनएसचा. ‘एनएसलुकअप’ने कोणता सर्व्हर उत्तर देतोय किंवा देत नाहीये ते दिसतं. दोन्ही लागत नसतील तर आधी गेटवेला पिंग. तिसरं काम ‘ट्रेसर्ट’, म्हणजे पॅकेट कोणकोणत्या राउटरवरून जातं ते दाखवणारी कमांड. पहिली उडी आपला राउटर, दुसरी केबलवाल्याची, मग पुढे. मध्ये तारे दिसले की मुलं घाबरतात. तो राउटर उत्तर देत नाही इतकंच, पुढच्या उड्या दिसत असतील तर रस्ता चालू आहे. वेळही वाचायचा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरच्या जाण्यायेण्याला किमान १० मिलिसेकंद. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमधला सर्व्हर ठाण्यातून काही मोजक्या मिलिसेकंदांत उत्तर देऊ शकतो. साठ-सत्तर दिसत असतील तर एकतर सर्व्हर मुळातच लांब आहे किंवा पॅकेट वळसा घालून जातंय.

मग राउटरच्या पानावर वॅनचा आयपी बघायचा आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या वेबसाइटवरचा बघायचा. दोन्ही एकच असतील तर आपल्याकडे पब्लिक पत्ता आहे. वॅनवर १०० चा आकडा असेल, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत, तर केबलवाल्याने अनेक गिऱ्हाइकांना एका पब्लिक पत्त्यामागे बसवलंय. हा पट्टा २०१२ साली खास त्यासाठीच राखून ठेवला गेला. काही जण १०चेच खासगी पत्ते वापरतात. यात लबाडी नाही. आयपीव्ही-४चे एकूण पत्ते ४२९ कोटींच्या आसपास, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ला वाटून झाले. पण याचा परिणाम असा की सोसायटीचा एनव्हीआर बाहेरून बघायला तुम्ही आपल्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड केले, म्हणजे बाहेरून आलेलं आतल्या मशीनकडे वळवायचे नियम लिहिले, तरी काही होत नाही. बाहेरून येणारं पॅकेट केबलवाल्याच्या राउटरवरच थांबतं, आणि तिथे तुमचा नियम लिहिलेला नाही. कॅमेऱ्याचं मोबाइल ॲप मात्र चालतं, कारण तिथे एनव्हीआर स्वतः आतून बाहेर जोडणी करतो. आयपीव्ही-६ मिळत असेल तर पत्त्यांची चणचण नाही, फक्त त्याचं फायरवॉल वेगळं तपासावं लागतं. आयपीव्ही-४चे नियम तिथे लागू होत नाहीत.

स्टॅटिक, म्हणजे कायम तोच राहणारा, आयपी घ्यायचाच असेल तर पत्ता, मास्क, गेटवे आणि डीएनएस हे चारही आकडे ईमेलवर मागून घ्यायचे, फोनवर नाही. अशा कनेक्शनला मास्क बऱ्याचदा २५५.२५५.२५५.२५२ असतो, म्हणजे /३०: चार पत्ते, त्यातले वापरता येणारे दोन, एक त्यांचा आणि एक आपला. उदाहरणासाठीच राखून ठेवलेला पट्टा घेऊ. गेटवे २०३.०.११३.१ असेल तर आपला पत्ता २०३.०.११३.२च असू शकतो. ० नेटवर्कचा, ३ ब्रॉडकास्टचा. ईमेलमध्ये आपल्यासाठी ४ किंवा ५ लिहून आला असेल तर तो पुढच्या /३० मधला आहे. तो राउटरवर टाकून बघत बसायचं नाही, आधी फोन करून आकडा दुरुस्त करून घ्यायचा.